औषधांतल्या चुका: टाळण्याआधी मोजायच्या कशा?

मेथोट्रेक्सेट नावाचं एक औषध आहे. आमवातात आणि सोरायसिसमध्ये ते कमी मात्रेत देतात, आणि तेव्हा ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. तेच चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं मंदावतं, संसर्ग होतो आणि रुग्ण दगावू शकतो. ही चूक डॉक्टरांना माहीत आहे, फार्मासिस्टना माहीत आहे, पाठ्यपुस्तकांत छापलेली आहे. तरीही ती वेगवेगळ्या देशांतून वर्षानुवर्षं नोंदली जात राहिली. शेवटी २०१९ मध्ये युरोपियन मेडिसिन्स एजन्सीला नव्याने शिफारशी कराव्या लागल्या: हे औषध त्यातल्या जाणकार डॉक्टरांनीच लिहावं, वेष्टनावर ठळक सूचना असावी, रुग्णाजवळ सूचनांचं कार्ड असावं आणि गोळ्या बाटलीऐवजी स्ट्रिपमध्ये मिळाव्यात.

संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाला इथे एक प्रश्न पडायला हवा. जी चूक सगळ्यांना ठाऊक आहे, ती होतेच कशी? 'निष्काळजीपणा' हे उत्तर पटकन सुचतं, पण त्यातून पुढे करण्यासारखं काही निघत नाही. 'काळजी घ्या' असं सांगून झालेलं असतं. चूक तरीही होते.

फार्म.डी., एम.फार्म., नर्सिंग, कम्युनिटी मेडिसिन अशा कुठल्याही शाखेतून तुम्ही येत असाल, 'औषधांतल्या चुका कमी करणे' हा विषय सिनॉप्सिसच्या यादीत हमखास भेटतो. विषय चांगला आहे. फक्त त्यात बरेच जण थेट उपायापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. चूक कशाला म्हणायचं आणि ती कुठे, कशी शोधायची हे आधी ठरवलं नाही, तर तुमचा उपाय लागू पडला की नाही हे तुम्हाला कधीच कळणार नाही. आजचा लेख याबद्दल आहे.

चिठ्ठीत आठवड्याला जागाच नाही

आपल्याकडची कुठलीही डॉक्टरांची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा. औषधाच्या नावापुढे लिहिलेलं असतं १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ही पद्धत सुटसुटीत आहे, मराठी-इंग्रजी काहीही वाचता न येणाऱ्यालाही समजावता येते. पण नीट बघा, तिच्यात तीनच घरं आहेत आणि तिन्ही एका दिवसाची आहेत. 'आठवड्यातून एकदा' हे या पद्धतीत लिहिताच येत नाही. ते बाजूला वेगळं लिहावं लागतं, किंवा तोंडी सांगावं लागतं.

आता पुढचा प्रवास बघा. डॉक्टरांनी बाजूला बारीक अक्षरात 'वीकली' लिहिलं. मेडिकलमध्ये संध्याकाळची गर्दी आहे. काउंटरवरचा माणूस इतर औषधांप्रमाणेच याही पाकिटावर पेनाने १-०-० लिहून देतो. घरी रुग्णाची रक्तदाबाची गोळी रोजची, थायरॉइडची रोजची, कॅल्शियमची रोजची. त्यात ही एक नवी गोळी. शिवाय मेथोट्रेक्सेटबरोबर फॉलिक ॲसिड देतात, ते बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी किंवा इतर दिवशी घ्यायला सांगतात. म्हणजे दोन लहान गोळ्या, एक आठवड्यातून एकदा, दुसरी वेगळ्या दिवशी. अदलाबदल व्हायला एवढं पुरेसं आहे.

या साखळीत आळशी किंवा बेफिकीर असं कोणीच नाही. प्रत्येकाने बाकीच्या औषधांच्या बाबतीत जे रोज बरोबर ठरतं तेच केलं. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी चुकांचे जे प्रकार मांडले त्यांतला फरक इथे उपयोगी पडतो. ठरवलेलं काम बरोबर असतं पण हात किंवा लक्ष भलतीकडे जातं, ती एक चूक. करायचं लक्षातच राहत नाही, ती दुसरी. मुळात ठरवलेलंच चुकीचं असतं, ती तिसरी. सवयीने १-०-० लिहिणं ही पहिल्या प्रकारातली. 'हे औषध रोजच घ्यायचं' असा रुग्णाचा पक्का समज असणं ही तिसऱ्या प्रकारातली. पहिलीला प्रशिक्षणाचा फारसा उपयोग नाही, कारण माहिती त्या माणसाकडे आधीच आहे. तिसरीला मात्र समजावून सांगण्याचा उपयोग होऊ शकतो. म्हणून 'चूक' असा एकच रकाना करून आकडे गोळा केलेत, तर कोणता उपाय कशावर चालला हे नंतर वेगळं काढता येत नाही.

आधी व्याख्या

दोन शब्दांची गल्लत नेहमी होते. औषध योग्य कारणासाठी, योग्य मात्रेत देऊनही त्रास झाला तर ती औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया. चूक म्हणजे जी टाळता आली असती ती. पेनिसिलिन आयुष्यात पहिल्यांदा दिलं आणि अंगावर पुरळ उठलं, ही प्रतिक्रिया. केसपेपरवर ॲलर्जी लिहिलेली असताना तेच दिलं, ही चूक. त्रास दोन्हींत सारखाच असू शकतो. आपल्याकडे प्रतिकूल प्रतिक्रिया नोंदवण्यासाठी २०१० पासून राष्ट्रीय औषध दक्षता कार्यक्रम आहे आणि त्याचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. तिथली आकडेवारी तुम्ही वापरणार असाल तर तिच्यात प्रामुख्याने प्रतिक्रिया आहेत हे लक्षात ठेवा. तिच्यावरून 'देशात इतक्या चुका होतात' असा निष्कर्ष काढता येणार नाही.

दुसरी गोष्ट, बहुतेक चुकांतून इजा होत नाही. काही वेळेआधीच पकडल्या जातात, काही रुग्णापर्यंत पोचतात पण निभावून जातं. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय समन्वय समितीने यासाठी 'ए' ते 'आय' अशी नऊ पायऱ्यांची मोजपट्टी केली आहे. 'ए' म्हणजे चूक होण्यासारखी परिस्थिती आहे, अजून झालेली नाही. 'आय' म्हणजे चुकीमुळे मृत्यू झाला असण्याची शक्यता. तुम्ही हीच मोजपट्टी वापरा किंवा दुसरी, पण काहीतरी पट्टी लागतेच. नाहीतर अर्धा तास उशिरा दिलेली व्हिटॅमिनची गोळी आणि दहापट दिलेलं इन्सुलिन तुमच्या तक्त्यात एकेक म्हणूनच मोजले जातील.

तीन माणसं, तीन उत्तरं

आता मोजण्याकडे येऊ. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्लिन आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. ३६ रुग्णालयं आणि शुश्रूषा केंद्रांत त्यांनी एकाच कामाकडे तीन पद्धतींनी पाहिलं. रुग्णांना दिलेले २,५५६ डोस तपासले. पहिली पद्धत, औषध देताना शेजारी उभं राहून बघणं. दुसरी, नंतर रुग्णाचे कागद तपासणं. तिसरी, कर्मचाऱ्यांनी स्वतःहून भरलेले घटना-अहवाल वाचणं. फार्मासिस्टनी शहानिशा करून एकूण ४५७ चुका निश्चित केल्या. त्यांतल्या प्रत्यक्ष बघणाऱ्यांना ३०० सापडल्या. कागद तपासणाऱ्यांना १७. आणि घटना-अहवालांत १.

तेच डोस, तेच वॉर्ड, तेच कर्मचारी. एका पद्धतीने चुकांचं प्रमाण ११.७ टक्के येतं, दुसरीने ०.७ टक्के, तिसरीने ०.०४ टक्के.

याचा तुमच्या कामाशी थेट संबंध आहे. समजा तुम्ही वॉर्डात प्रशिक्षण दिलं आणि आधी-नंतर घटना-अहवाल मोजले. प्रशिक्षणानंतर अहवाल दुप्पट झाले. चुका वाढल्या का? कदाचित लोक आता न घाबरता नोंदवायला लागले असतील, म्हणजे सुधारणाच झाली. उलट अहवाल निम्मे झाले, तर चुका कमी झाल्या की कोणालातरी मेमो मिळाल्यामुळे बाकीचे गप्प बसले? आकडा एकच, अर्थ दोन. घटना-अहवाल निरुपयोगी आहेत असं मात्र समजू नका. चूक कशी घडली याची गोष्ट त्यांत असते आणि ती इतर कुठेही मिळत नाही. त्यांतून 'कसं' शिकायचं, 'किती' नाही.

छेदही असाच ठरवून घ्यावा लागतो. दर १०० डोसमागे, दर १०० चिठ्ठ्यांमागे की दर १,००० रुग्ण-दिवसांमागे? दोन शोधनिबंधांतले टक्के शेजारी ठेवण्याआधी त्यांचे छेद बघा. 'चुका ५ टक्के' आणि 'चुका ४० टक्के' अशा दोन वाक्यांमागे कित्येकदा एकसारखीच परिस्थिती असते. एकाने डोस मोजलेले असतात आणि दुसऱ्याने निदान एक चूक झालेले रुग्ण.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०१७ मध्ये औषधांतून होणारी गंभीर, टाळता येण्यासारखी इजा पाच वर्षांत ५० टक्क्यांनी कमी करण्याचं आवाहन केलं होतं. 'निम्मी' हा शब्द वाचला की विचारायची सवय लावा: कशाच्या निम्मी? सुरुवातीचा आकडा मोजलेला नसेल तर निम्म्याला अर्थ राहत नाही. हे जगाला लागू आहे तसंच तुमच्या वीस खाटांच्या वॉर्डालाही.

बघताना चूक दिसली तर?

शेजारी उभं राहून बघण्याची पद्धत सर्वांत जास्त चुका पकडते, पण तिच्यात एक पेच आहे. सिस्टर इंजेक्शन भरतायत, मात्रा चुकीची आहे हे तुम्हाला दिसतंय. संशोधनासाठी गप्प बसायचं?

नाही. रुग्णाला इजा होईल असं दिसलं तर हस्तक्षेप करायचा. मग ती नोंद 'झाली असती, पण थांबवली' या रकान्यात टाकायची. कोणत्या परिस्थितीत थांबवायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं, नंतर कोणाला कळवायचं, हे सगळं आधी लिहून एथिक्स कमिटीपुढे ठेवायचं. कर्मचाऱ्यांची नावं नोंदीत येणार नाहीत याची लेखी हमीही हवी. ही हमी नसेल तर तुम्ही तिथे आहात तोवर सगळे नियमाने वागतील आणि तुम्हाला खऱ्या वॉर्डाऐवजी परीक्षेचा वॉर्ड दिसेल.

उपायांची उतरंड

सगळे उपाय सारख्या ताकदीचे नसतात. सर्वांत दुबळे म्हणजे माणसाच्या लक्षावर आणि स्मरणशक्तीवर टाकलेले: पोस्टर, परिपत्रक, व्याख्यान. त्याच्यावर नियम आणि तपासणी-याद्या. त्याच्यावर एकसारखे फॉर्म, एकसारखी मात्रा. सर्वांत भक्कम ते, जे चूक करणं अवघड किंवा अशक्य करतात.

या भक्कम प्रकाराचं स्पष्ट उदाहरण म्हणजे व्हिनक्रिस्टिन. हे कर्करोगाचं औषध शिरेतूनच द्यायचं असतं. मणक्याच्या पाण्यात गेलं तर रुग्ण जवळजवळ नेहमीच दगावतो. अडचण अशी की रक्ताच्या कर्करोगात काही वेळा त्याच रुग्णाला दुसरं औषध, उदाहरणार्थ मेथोट्रेक्सेटच, मणक्यातून द्यायचं असतं. शेजारी-शेजारी दोन सिरिंज, आणि एक चुकीच्या सुईला लागते. लेबलं लावली, इशारे छापले, तरी हे होत राहिलं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याबद्दल इशारा दिला आणि व्हिनक्रिस्टिन सिरिंजमध्ये न भरता सलाइनच्या छोट्या पिशवीत द्यावं अशी शिफारस केली. पिशवीतलं एवढं द्रव मणक्यातून देण्याचा विचार कोणी करणार नाही. माणूस कितीही थकलेला असो, पिशवी आणि सिरिंज यांत गोंधळ होत नाही.

संगणकाचंही असंच, पण इथे दोन्ही बाजू वाचायला हव्यात. १९९८ मध्ये बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका रुग्णालयात दाखवलं की औषधांच्या ऑर्डरी संगणकावरून द्यायला सुरुवात केल्यावर वेळेआधी न पकडल्या गेलेल्या गंभीर चुका दर १,००० रुग्ण-दिवसांमागे १०.७ वरून ४.८६ वर आल्या. अर्ध्याहून जास्त घट. मग २००५ मध्ये कोपेल आणि सहकाऱ्यांनी अशाच एका यंत्रणेबद्दल डॉक्टरांशी बोलून, त्यांच्याबरोबर फिरून अभ्यास केला, आणि त्या यंत्रणेमुळे निर्माण होणारे किंवा वाढणारे चुकांचे २२ प्रकार सापडले. एक उदाहरण: पडद्यावर दिसणारी मात्रा ही दुकानात उपलब्ध गोळीची होती, डॉक्टरांना ती शिफारस केलेली किमान मात्रा वाटे.

दोन्ही अभ्यास खरे आहेत. पहिल्याने 'ज्या चुका आम्ही शोधत होतो त्या घटल्या का' हे विचारलं. दुसऱ्याने 'नव्या कोणत्या आल्या' हे विचारलं. तुम्ही कुठलाही उपाय तपासाल तेव्हा दुसऱ्या प्रश्नासाठी एक रकाना मोकळा ठेवा.

मेथोट्रेक्सेटबद्दल अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेसची शिफारस या उतरंडीवर ठेवून बघा. संगणकात हे औषध निवडलं की आपोआप 'आठवड्यातून एकदा' यावं, आणि रोजचा डोस हवा असेल तर कर्करोगासारखं योग्य कारण नोंदवल्याशिवाय ऑर्डर पुढे सरकू नये. १-०-१ च्या नेमकं उलटं. आपल्या पद्धतीत काहीच वेगळं केलं नाही तर 'रोज' होतं, तिथे काहीच वेगळं केलं नाही तर 'आठवड्यातून एकदा' होतं.

आपल्याकडचे प्रश्न

भारतात चुकांची चर्चा झाली की अक्षरावर येऊन थांबते. २०१६ मध्ये मेडिकल कौन्सिलच्या नियमात दुरुस्ती होऊन औषधं जेनेरिक नावाने, वाचता येतील अशी आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असं आलं. गरज होतीच. पण पाकिटावरचं १-०-० किती सुवाच्य असतं बघा. सुंदर अक्षरातलं चुकीचं प्रमाणही चुकीचंच.

दुसरा प्रश्न सारख्या वाटणाऱ्या नावांचा. मलेरियावरच्या 'फाल्सिगो' आणि 'फाल्सिटॅब' या दोन नावांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २००१ च्या त्या निकालात न्यायालयाने म्हटलं की औषधांच्या बाबतीत नावांतल्या साम्याची कसोटी इतर मालापेक्षा कडक हवी, कारण इथे गोंधळाची किंमत जीवाने मोजावी लागू शकते. तिसरा प्रश्न कापलेल्या स्ट्रिपचा. चार गोळ्या कापून दिल्या की कधी नाव जातं, कधी मुदतीची तारीख. हे रोज डोळ्यांसमोर आहे, आणि यातून नेमक्या किती चुका होतात हे शोधणं एका प्रबंधाच्या आवाक्यातलं काम आहे.

चौथा प्रश्न 'समजलं का?' या प्रश्नाचा. २००६ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ३९५ रुग्णांना औषधांची लेबलं वाचायला दिली. त्यांतलं एक, 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा'. कमी साक्षरता असलेल्या गटात ७०.७ टक्के लोकांनी सूचना बरोबर सांगितली. मग दिवसभरात किती गोळ्या घ्याल ते मोजून दाखवा म्हटल्यावर फक्त ३४.७ टक्क्यांना जमलं. 'समजलं का?' ला 'हो' हे उत्तर मिळणारच, विशेषतः समोर पांढरा कोट असेल तर. तुमच्या प्रश्नावलीत 'तोंडी सांगणं' आणि 'करून दाखवणं' हे दोन वेगळे रकाने करा.

विषयाचा प्रश्न कसा करायचा

'मेथोट्रेक्सेटच्या चुका कमी करणे' हा विषय झाला. आता त्याचा प्रश्न करून बघू.

कोण? संधिवाताच्या ओपीडीत हे औषध नव्याने सुरू झालेले रुग्ण. उपाय काय? पाकिटावर वाराचं नाव मराठीत पूर्ण लिहायचं, 'फक्त रविवारी', एका वेळी चारच आठवड्यांच्या गोळ्या द्यायच्या आणि कोणती गोळी कधी हे रुग्णाकडून करून दाखवून घ्यायचं. तुलना कशाशी? नेहमीच्या पद्धतीशी. मोजायचं काय? चार आठवड्यांनी उरलेल्या गोळ्या, आणि 'गेल्या आठवड्यात कोणत्या वारी घेतली?' याचं उत्तर. पहिल्या आठवड्यातच एक फोन, कारण रोज घेणारा रुग्ण चार आठवडे वाट बघू शकत नाही. तसा रुग्ण सापडला तर गोळी लगेच बंद, त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी. हे प्रोटोकॉलच्या पहिल्या पानावर हवं.

मृत्यू किंवा गंभीर इजा हे तुमचं मुख्य मोजमाप होऊ शकत नाही. घटना फार विरळ आहे आणि तुमचा नमुना छोटा. इथे एक सोपा हिशेब लक्षात ठेवा. 'न' रुग्णांत एकही घटना दिसली नाही, तर खरं प्रमाण साधारण ३ भागिले 'न' इतकं असण्याची शक्यता ९५ टक्के विश्वासमर्यादेत शिल्लक राहते. म्हणजे ३०० रुग्णांत शून्य सापडलं, तरी खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असू शकतं. जीव घेऊ शकणाऱ्या चुकीसाठी १ टक्का लहान नाही. त्यामुळे प्रबंधात 'एकही चूक आढळली नाही, म्हणून पद्धत सुरक्षित आहे' असं लिहू नका. किती रुग्णांत आढळली नाही आणि वरची मर्यादा किती, ते लिहा.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी एक काम करा. परवानगी काढून एखाद्या मेडिकलच्या किंवा रुग्णालयाच्या औषध-खिडकीजवळ दोन तास उभे राहा. काही मोजू नका. चिठ्ठी आत गेल्यापासून पाकीट रुग्णाच्या हातात येईपर्यंत सूचना किती वेळा नव्याने लिहिली किंवा बोलली जाते, आणि त्यातलं काय गळतं, तेवढं टिपून ठेवा. मग गाइडकडे जा.